ओळंबा पेंटर आणि माझी तिरकी अक्षरं

गवंडी भिंत चढवताना दोरीला पितळेचं वजन बांधून ती खाली सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. गवंड्याला तो भिंतीसाठी लागतो. आमच्या शहाद्यातल्या एका पेंटरला तो 'आ'च्या कान्यासाठी लागायचा. दुकानाची पाटी असो, शाळेची भिंत असो की सोसायटीचं शटर, हा माणूस आधी वरच्या कडेला खिळा ठोके, दोरी सोडे, वजन हलायचं थांबेपर्यंत बिडी ओढे आणि मगच खडूची पहिली रेघ मारी. टेम्पोवर नाव घालायचं असलं तर मालकाला सांगे, "पहिले गाडी सपाट जागावर लाव, मंग नाव सांग." त्याचं खरं नाव गावात चारदोन माणसांना ठाऊक असेल. बाकी सगळे त्याला ओळंबा पेंटर म्हणत, म्हणजे आमच्या अहिराणीत ओयंबा.

माणूस गेला की त्याला 'ते' म्हणायची रीत आहे. मी ओळंब्याला 'तो'च म्हणणार आहे. तोंडावर मी त्याला बाबा म्हणे आणि अहो-जाहो करी, पण ते वयाला. माझं त्याचं कधीच पटलं नाही. मला तो आवडत नसे आणि मी त्याला त्याहून कमी आवडत असे. आता तो नाही म्हणून खोटं गोड लिहिलं, तर आपलं भांडण खरं होतं एवढा मानही मी त्याला दिला नाही असं होईल.

भांडणाची सुरुवात त्याने केली. मी सातवीत होते आणि शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. कुठल्याशा लग्नपत्रिकेवर मी तिरकी अक्षरं पाहिली होती. ती मला फार ऐटदार वाटली, म्हणून त्या दिवशी मी सुविचार तसा लिहिला. ओळंबा वऱ्हांड्याच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवत होता. तो शिडीवरून उतरला, हातातलं ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी आला आणि कुणाला न विचारता त्याने माझी ओळ पुसली. "कोठे पयी ऱ्हायनं वं हाई अक्षर? कोन लागनं त्याना मांगे?" असं म्हणाला, जणू माझं अक्षर पळत सुटलं होतं, आणि तीच ओळ त्याने उभ्या अक्षरांत लिहून दाखवली. साऱ्या वर्गाच्या मुली हसल्या. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा शंभर पटींनी सुरेख होतं, हे मला तेव्हाही दिसलं आणि त्यामुळे राग दुप्पट झाला.

त्याचं अक्षर कसं होतं ते सांगायलाच हवं. त्यात नखरा नव्हता. टोकाला शेपूट नाही, मध्येच जाड-बारीक होणं नाही, सगळी रेघ एका जाडीची. 'ळ' काढताना तो श्वास धरून ठेवी. डाव्या हातात एक काठी असे, तिच्यावर उजवं मनगट टेकवून तो ब्रश एकदाच फिरवी. दुसरा हात मारणं त्याला कमीपणाचं वाटे. लोक म्हणत, बाबा, जरा डिझाइन करा. तो म्हणे, "वाचता येस ना? मंग व्हयनी डिझाइन."

तिरकं अक्षर त्याने जन्मात कुणाला काढून दिलं नाही. टेम्पोवाले, शर्यतीच्या बैलगाड्यांचे हौशी मालक, क्रिकेटच्या स्पर्धा भरवणारी मंडळं, सगळ्यांना वेगाचं अक्षर हवं असे. एका टेम्पोवाल्याने तर हट्टच धरला की नाव पळत असल्यासारखं दिसलं पाहिजे. ओळंब्याने ब्रश डब्यात टाकला. म्हणाला, "गाडी पयस. नाव नहीं पयत. नाव गाडीवर बठेल शे." टेम्पोवाला दुसऱ्या पेंटरकडे गेला. ओळंब्याने अशी गिऱ्हाइकं किती घालवली ह्याचा हिशोब नाही आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही. असल्या माणसाला लोक तत्त्वाचा म्हणतात. माझ्या मते तो नुसता हेकट होता.

पुढे फ्लेक्स आले. बसस्टँडसमोर किशोरने फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि ओळंब्याकडे शाळांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या आणि देवळांच्या कमानी तेवढ्या उरल्या. दुसरा कुणी असता तर त्या दुकानाकडे पाठ फिरवून गेला असता. हा रोज सकाळी किशोरच्याच बाकावर येऊन बसे, किशोरचाच चहा पिई आणि मशीनमधून बाहेर येणाऱ्या प्रत्येक फ्लेक्सला नावं ठेवी. वाढदिवसाचा फ्लेक्स आला की, "मानूस एक नि अक्षरं सात जातना. हाऊ वाढदिवस शे का बाजार?" किशोर हसून सोडून देई. किशोर स्वभावाने गरीब, म्हणून टिकला. मी असते तर बाकच उचलून आत ठेवला असता.

मी तोवर पुण्याला शिकून एका स्टुडिओत लागले होते. आम्ही अक्षरांचे फॉन्ट तयार करायचो. नंतर घरी बसून काम करता येऊ लागलं, तेव्हा मी शहाद्याला परत आले आणि येताना माझं दोन वर्षांचं काम बरोबर घेऊन आले. त्या फॉन्टचं नाव आम्ही वाटसरू ठेवलं होतं. साधी, एका जाडीची, आजच्या चालीची अक्षरं, इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही. उभी अक्षरं दुसऱ्यांची होती. त्यांची तिरकी बहीण, म्हणजे देवनागरीची इटॅलिक, एकट्या माझी.

तिरकं करणं म्हणजे उभं अक्षर ढकलणं, असा समज आहे. संगणकाला सांगितलं तर तो खरंच ढकलून देतो. मग 'क'चं पोट एका अंगाने सुजतं आणि दुसऱ्या अंगाने वाळतं, रफार शेजारच्या वेलांटीत घुसतो आणि शिरोरेघ जागच्या जागी राहून खालचे काने तेवढे कलंडतात. मी प्रत्येक अक्षर नव्याने काढलं. किती कलायचं ह्यावर महिनाभर घातला. दहा अंशांना शब्द पडेलसा वाटे, आठ अंशांना तो कललाय हे कळतच नसे. नऊवर मी थांबले. चित्राखालची ओळ, पुस्तकाचं नाव, कुणाच्या मनातलं बोलणं, दुसऱ्या भाषेतून आलेला शब्द, अशा जागी ही अक्षरं फार सुंदर दिसत. आजही दिसतात. ओळंबा काहीही म्हणो.

मी मूर्खासारखी छापील नमुना घेऊन त्याच्याकडे गेले. का गेले, ते खरं सांगते. पुण्यामुंबईच्या लोकांनी पाठ थोपटली होती, पण फळा पुसणाऱ्याने थोपटावी असं मला वाटत होतं. त्याने कागद घेतला, बघितलं न बघितलं केलं आणि खिशात घातला. तीन दिवसांनी तो किशोरच्या दुकानात माझ्यासाठी ठेवून गेला. कागदावर लाल पेन्सिलीने अकरा गोल केले होते. 'ऊर्मी' शब्दाबद्दल त्याने किशोरकरवी निरोप ठेवला होता, "वेलांटी रफारनी मानगूट धरी ऱ्हायनी." मी दार लावून घेतलं आणि एकेक गोल तपासला. अकरापैकी नऊ चुका खऱ्या होत्या. स्टुडिओतल्या पाच जणांना त्या दिसल्या नव्हत्या. मी त्या नऊही दुरुस्त केल्या आणि त्याला ह्यातलं अक्षर सांगितलं नाही. तो समोर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "दुरुस्त व्हई जाई, पन वाकडं ते वाकडंच."

त्यानंतर ते पुस्तक आलं. एका संस्थेने डोंगरातल्या आश्रमशाळांसाठी पहिली-दुसरीच्या मुलांचं चित्रशब्दांचं पुस्तक करायला घेतलं होतं. पानावर एक चित्र, खाली मराठी शब्द आणि त्याच्याखाली मुलांच्या घरच्या भिली बोलीतला शब्द. अक्षररचना माझ्याकडे आली. दोन भाषा एका नजरेत वेगळ्या दिसल्या पाहिजेत, असं संपादक बाईंचं म्हणणं. मी मराठी उभ्या वाटसरूत लावली आणि भिली तिरक्या वाटसरूत. बाई म्हणाल्या, किती नाजूक काम आहे. मलाही तसंच वाटलं. पुस्तक अक्कलकुव्याच्या वरच्या शाळांत गेलं. तिथे ते चाललं, तर दुसरी आवृत्ती पुष्कळ मोठी निघायची होती आणि सगळ्या डोंगरभर जायची होती.

एका सकाळी ओळंबा माझ्या दारात उभा राहिला. आमच्या घरी तो त्याआधी कधी आला नव्हता. आईने बसा म्हटलं, बसला नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. हातात ते पुस्तक होतं, पहिलंच पान उघडलेलं. पोराला कडेवर घेतलेल्या बाईचं चित्र, खाली उभ्या अक्षरांत 'आई' आणि तिच्याखाली तिरक्या अक्षरांत 'याहा'. याहा म्हणजे आईच.

"आई उभी नि याहा वाकडी," तो म्हणाला. "काबर?"

मी त्याला शांतपणे समजावलं. म्हणजे, मला वाटलं की मी शांत आहे. सांगितलं की जगभर हीच पद्धत आहे, बाबा. मजकुराच्या भाषेत दुसऱ्या भाषेतला शब्द पाहुणा म्हणून येतो, तेव्हा तो तिरका लावतात. त्यात अपमान नाही, उलट त्याची वेगळी ओळख राहते.

"पाहुनी कोन?" त्याने विचारलं. "अक्कलकुवाना डोंगरमा पाहुनी कोन शे, सांग. याहा का आई?"

कोंडीत सापडले की मी चिडते, तशी चिडले. विचारलं, तुम्हाला भिलीचा एवढा पुळका कुठून आला? तुम्ही तर आमच्यासारखे अहिराणी बोलता. तो म्हणाला, "मन्ही याहानी बोली शे ती." अक्कलकुव्याच्या वर त्याचं गाव होतं. बाप उसाच्या तोडीला शहाद्याकडे उतरला, त्याच्याबरोबर हा आला, एका पेंटरच्या हाताखाली राहिला आणि इथलाच झाला. इतकी वर्षं कुणालाच कसं माहीत नाही, असं आईने विचारलं. "कोनी इचारंच नहीं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "दुसरी छपाई व्हवाना पहिले याहाले उभी कर."

तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, तुमचा जमाना गेला बाबा, तुमचा राग फ्लेक्सवर आहे, तो माझ्या पुस्तकावर काढू नका. त्याने पुस्तक मिटलं, ओट्यावर ठेवलं आणि निघून गेला. आई मला म्हणाली, "पानी बी पिधं नही त्यानी, दखं का तू?" मी पाहिलं होतं.

पुढचे दोन महिने आम्ही एकमेकांना शत्रूसारखं वागवलं. तो किशोरच्या बाकावर बसून मला 'वाकडी बाई' म्हणे आणि ते मला सांगणारे लोक गावात कमी नव्हते. मी म्हणे, त्याला मोतीबिंदू झालाय, त्याला उभं-आडवं काय कळणार. एवढ्यावर राहिलं असतं तरी बरं. रनाळ्याला माझे मामा शाळेच्या समितीवर होते. तिथली भिंत रंगवायला ओळंब्याला बोलावणार होते. मी मामांना म्हटलं, कशाला, फ्लेक्स लावा, स्वस्त आणि सुबक. त्यांनी फ्लेक्स लावला. हे मी केलं. तो फ्लेक्स पहिल्याच उन्हाळ्यात फाटला, आणि मामा अजून मला टोमणे मारतात.

छपाईला पंधरवडा राहिला असताना किशोर ओळंब्याचा निरोप घेऊन आला. बाबा म्हणाले, "एक डाव शाळा दख. मंग मन्हं तोंड बी दखू नको." मला जायचं नव्हतं. पण माझं पुस्तक मुलांच्या हातात मी स्वतः पाहिलं नव्हतं, आणि तो खोटा पडलेला बघायची संधी मला सोडवेना. म्हणून त्याच्याबरोबर गेले. शहाद्याहून एसटीने अक्कलकुवा आणि तिथून जीपने वर. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असून तो मागच्या बाकावर जाऊन बसला. तळोदा गेलं, अक्कलकुवा आलं तरी तो तिथेच. जीपमध्ये मात्र तो ड्रायव्हरशी भिलीत बोलू लागला आणि मी चमकून बघितलं. शहाद्यात त्याचं बोलणं तोडून टाकल्यासारखं असे. इथे तो लांब वाक्यं बोलत होता, मध्येच हसत होता, हात हलवत होता. हा माणूस मी ओळखतच नव्हते.

दुसरीच्या वर्गात गुरुजींनी आम्हाला मागे बसायला जागा दिली. गुरुजी खालच्या सपाटीवरचे, तरुण, जीव ओतून शिकवणारे. मुलं पुस्तकातून वहीत शब्द उतरवत होती. काही वेळ मला काही वेगळं दिसलं नाही. मग लक्षात आलं, की पहिला शब्द लिहून झाला की सगळी मुलं वही थोडी फिरवतात. पुस्तकातला दुसरा शब्द कललेला, म्हणून तो तसाच कललेला यायला हवा. आणि वही फिरवल्यावर अक्षर त्यांच्या हातात राहत नव्हतं, ओळीबाहेर घसरत होतं.

माझ्या पुढ्यात सेवंती नावाची एक मुलगी होती. तिने 'आई' लिहिलं, वही फिरवली आणि जीभ दातांत धरून 'याहा' लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, फक्त माझ्या नऊ अंशांचे तिने चाळीस केले होते. गुरुजी फिरत आले. वाकून म्हणाले, "सेवंती, सरळ लिहायचं बाळा. वाकडं नाही." मग तिने खोडरबर घेतलं, 'याहा' पुसलं, फुंकर मारून चुरा उडवला आणि त्या जागी लिहिलं, 'आई'. एकाखाली एक, दोनदा आई. गुरुजी पुढच्या ओळीपर्यंत गेले होते. त्यांनी वळून पाहिलं, रेघा उभ्या दिसल्या. म्हणाले, "हां, आता कसं सरळ आलं."

तिने चूक केली नव्हती. पुस्तकाने तिला जे शिकवलं होतं, तेच तिने केलं. सरळ म्हणजे शाळेतला शब्द, वाकडा म्हणजे घरचा. ओळंबा खिडकीपाशी उभा होता. तो मुलीकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. दोन वर्षं मी त्या 'या'च्या गोलाईवर घालवली होती. तो शब्द एखादं पोर पुसून टाकेल, हे त्या दोन वर्षांत माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

अक्कलकुव्याला मोबाइलला रेंज आल्याआल्या मी स्टँडवर उभी राहून संपादक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, फायली छापखान्यात गेल्या आहेत, आणि दोन्ही उभे केले तर भाषा वेगळ्या कशा दिसणार? मी म्हटलं, नका दिसू देऊ वेगळ्या, मुलांना त्या घरून येताना वेगळ्या माहीतच आहेत. त्या चिडल्या. मी त्याहून चिडले. माझी तिरकी अक्षरं ह्या पुस्तकात मी वापरू देणार नाही, असं सांगितलं आणि आठ दिवस बसून अख्खं पुस्तक पुन्हा लावून दिलं. त्यानंतर त्या संस्थेने मला काम दिलं नाही. ओळंबा फोनवरचं सगळं भांडण शेजारी उभा राहून ऐकत होता. परतीच्या बसमध्येही तो मागच्याच बाकावर बसला.

दुसरी आवृत्ती आली तेव्हा मी पहिली प्रत घेऊन त्याच्याकडे गेले. खरंच मोतीबिंदू झाला होता त्याला. मी खोटं म्हणून जे पसरवलं, ते खरं निघालं. पान डोळ्यांना लावून त्याने बोटाने शब्द चाचपला. मी वाट पाहत होते. तो म्हणाला, "'हा'ना काना पातय शे."

मी म्हटलं, बाबा, तो पातळ नाही.

"शे. नि आई वर कसाले? पहिले याहा पाहिजे." मग पान उलटत, "ज्या पुस्तकं पहिले वाटी दिध्यात, त्यासनं काय?"

मी सांगितलं की ती परत घेत नाहीत, फाटेपर्यंत तीच चालतात. "मंग अर्धंच व्हयनं," असं म्हणून त्याने पुस्तक मला परत दिलं. मला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी ओरडले. म्हटलं, तुमचं समाधान देवालाही करता येणार नाही. तो शांतपणे बिडी पेटवत म्हणाला, "देवनं अक्षर दखाडं नही अजून माले कोनी." त्या दिवशी घरी येऊन मी तो काना मोजला. इतर कान्यांपेक्षा तो किंचित पातळ होता.

त्यानंतर आमची भेट रस्त्यात होई तेवढीच. तो मान वळवी, मीही. ह्या दिवाळीनंतर तो आपल्या गावी वर गेला आणि तिथेच तापाने गेला. अंत्यविधी डोंगरात झाला. किशोरने फोन केला तोवर सगळं उरकलं होतं. मी म्हटलं, बरं. फोन ठेवला. ज्याच्याशी भांडायचं तोच नाही म्हटल्यावर मला काय करावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोरून जाताना मी थबकले. किशोरच्या दुकानाच्या दर्शनी भागावर फ्लेक्स लागला होता. ओळंब्याचा फोटो, फुलांची चौकट आणि खाली 'दामजीबाबा पेंटर यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं माझ्या तिरक्या वाटसरूत. आयुष्यभर ज्याने एक तिरकी रेघ मारली नाही, त्याचं नाव नऊ अंशांत कललेलं होतं.

मी तरातरा आत गेले. किशोर खुर्चीतून उठला. "ताई, तुमनाच फॉन्ट लावा," तो म्हणाला. "नेटवर भेटना. म्हनं, बाबाले तुमना हातनं अक्षर. तेवढाच मान." त्याच्या चेहऱ्यावर इतकी श्रद्धा होती, की माझ्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

"किशोर," मी म्हटलं, "त्यांना ही अक्षरं बघवत नसत. रोज इथे बसून मला शिव्या देत होते ना?"

"देयेत ना," किशोर म्हणाला. "रोज देयेत. पन नवीन पोऱ्या फ्लेक्स काढाले बठना, का त्याले सांगेत, 'अक्षर समजस अशी एकच बाई शे या गावमा, नि ती बी वाकडी.'"

मी बाहेरच्या बाकाकडे पाहिलं नाही. किशोरला फाईल उघडायला सांगितली आणि त्याच्या खुर्चीत बसले. आधी नाव उभं केलं. मग श्रद्धांजली उभी केली, जोडाक्षरांतलं अंतर हाताने बसवलं, प्रत्येक काना मोजून घेतला. किशोर मागे उभा राहून बघत होता. सगळ्यात खाली 'शोकाकुल' लिहून त्याने सात नावं घातली होती. गावातले उरलेले पेंटर, चहावाला, स्वतः किशोर. त्यांना एकेक करून उभं करत मी शेवटच्या नावावर आले. ते माझं होतं.

"तेवढं ऱ्हायनं, ताई," किशोर म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं, आणि माझं नाव तिरकंच ठेवून फ्लेक्स छापायला दिला.